वाटीने धरलेला दाणा

फार जुन्या काळी एका आश्रमात वेळ मोजायला तांब्याची वाटी होती. तिच्या बुडाला बारीक भोक होतं. पाण्यावर ठेवली की ती एका घटकेत भरून बुडायची, आणि लगेच कौंडिण्य ऋषी शेजारच्या घंटेवर टोला द्यायचे. सगळे म्हणायचे, "काय गोड वाजते घंटा."

वाटीचा जळफळाट व्हायचा. बुडायचं मी आणि मिरवायचं हिनं.

एकदा दुपारी ऋषींच्या हातून अक्षतांचा दाणा वाटीत पडला. तिने तो भोकात घट्ट धरून ठेवला. घंटा मुकी झाली. टोल्याशिवाय होमात आहुती द्यायची नाही असा आश्रमाचा नेम होता, म्हणून संध्याकाळी शिष्य समिधा घेऊन ताटकळत बसले.

"आज बुडत का नाहीस?" घंटेने विचारलं.

"बुडणाऱ्याला विचारतंय कोण?"

"दाराबाहेर बघ."

डोंगराआड सूर्य बुडत होता. कुणी टोला दिला नव्हता, कुणी पाहतही नव्हतं.

वाटीने मुकाट्याने दाणा सोडला. पण भरायला तिला रोजच्यासारखी पुरी घटका लागलीच. त्या दिवशी आश्रमाचा होम पहिल्यांदाच अंधारात झाला.