बकुळवड्यांचा साचा

हिरव्यागार टेकडीच्या पायथ्याशी एक चिमुकली झोपडी होती. तिच्या छपराला सात ठिगळं होती आणि दार लावलं की खिडकी आपोआप उघडायची. त्या झोपडीत नऊ वर्षांची रखू आपल्या आईबरोबर राहायची. रखूच्या परकरालाही इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कोणतं ते आता तिलासुद्धा सांगता आलं नसतं.

पण रखूला ठिगळांचं काही वाटत नव्हतं. तिचं दुःख वेगळंच होतं. तिच्या आईला, सगुणाला, मोठा ताप येऊन गेला होता आणि तो मेला जाताना आईची झोप घेऊन गेला होता. बारा रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. वैदूबाई म्हणाल्या होत्या, "झोप लागली तर अंगात ताकद येईल. नाही लागली, तर माझ्या काढ्याचाही काही उपयोग नाही."

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आई रखूला रागवतच नव्हती! एरवी सगुणाचा आवाज टेकडीच्या माथ्यापर्यंत जायचा. "रखू, पाय धुतलेस का? रखू, दुधावर झाकण कोण ठेवणार, मांजर?" आता रखू मुद्दाम चिखलाचे पाय घेऊन घरभर नाचली, तरी आई नुसती टकमक बघायची. रखूला वाटायचं, एकदा, फक्त एकदा आईने आपल्याला कडाडून रागवावं.

उपाय वैदूबाईंनीच सांगितला होता. बकुळीच्या वासाने रुसलेली झोपसुद्धा परत येते म्हणे. मधमाश्या सोडून गेलेल्या पोळ्याचं मेण घ्यायचं, त्यात बकुळीचं तेल घालायचं आणि छोट्या छोट्या वड्या पाडायच्या. दिवेलागणीला पणतीवर वाटी ठेवून तिच्यात एक वडी सोडायची. ती रात्रभर हळूहळू वितळते आणि घर दरवळत राहतं.

रखूने मेण आणलं. झोपडीमागच्या बिनमालकाच्या बागेतली फुलं वेचून तेल केलं. आणि मग? मग सगळं घोडं अडलं ते साच्यापाशी!

काल तिने मेण वाटीत ओतलं, तर त्याचा दगडासारखा गोळा झाला. सुरीने तोडला, तर एक तुकडा बोराएवढा आणि एक नारळाएवढा. मोठा तुकडा मुळी वितळलाच नाही आणि बारका चिमणी पाणी पिऊन उडावी तेवढ्यात संपला. म्हणजे साचा हवा होता. लहान, सारख्या खळ्यांचा.

तसा साचा घरात होता की! आईचं आप्पेपात्र. काळंभोर, जड, सात गोल खळ्यांचं. पण ते शेजारच्या अंबूकाकूंनी नेलं होतं. कधी? मागच्या नागपंचमीला! आता दुसरी नागपंचमी येऊन ठेपली, तरी काकूंचा पत्ता नाही. रखू मागायला गेली की काकू दाराआडून म्हणायच्या, "आणून देते हो, उद्या नक्की." काकूंचा तो उद्या काही उजाडत नव्हता.

म्हणून आज दुपारी रखू बागेतल्या बकुळीखाली तीन दगडांची चूल मांडून बसली होती. पातेल्यात मेण सोनेरी होऊन वितळत होतं, झाडावर एक फूल उरलं नव्हतं, बहर संपला होता, आणि कशात ओतावं हे काही केल्या सुचत नव्हतं. तिने कपाळावर हात मारला.

"अरे देवा! एक साचा मिळेना मला या अख्ख्या जगात!"

"साचा?" वरून इवलासा आवाज आला. "कोण म्हणालं साचा?"

फांदीवरून एक परी खाली उतरली. करंगळीएवढी, फुलपाखराच्या पंखांची, आणि कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यासारखे चमचमणारे शेकडो साचे! चांदीचे, पोवळ्याचे, दवाच्या काचेचे. ती उतरली ती तोल जाऊन थेट चुलीसाठी आणलेल्या शेणीवर बसली.

"मी साचेपरी," ती अंग झटकत म्हणाली. "या बागेतलं प्रत्येक फूल माझ्या साच्यातून निघतं. मोगरा इथला, जास्वंद इथली, आणि हा... हा कशाचा बरं? असो! तू हाक मारलीस, म्हणजे तुझ्या तीन इच्छा."

रखू उडालीच. "परीताई, मग माझ्या आईला झोप लागू दे!"

"छे छे! झोप माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त साचे. साचा देणं आणि साचा भरणं, एवढंच. आणि नियम ऐक. तू बोलशील तसंच्या तसं मिळेल. मिळालेला साचा एकदाच वापरता येईल. आणि सूर्य त्या टेकडीला टेकला की मी चालले."

रखूने घाईघाईने मागितलं, "मला वड्यांसाठी छानसा साचा दे!"

छानसा! आता परीला छान काय वाटणार, हे आधी विचारायला नको का? पण नऊ वर्षांच्या पोरीला कोण सांगणार!

टिंग! तिच्या हातात शेवंतीचा साचा आला. प्रत्येक फुलाला शंभर पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीला नक्षी. इतका देखणा की रखू बघतच राहिली. तिने मेण ओतलं, तासभर वाट पाहिली, साचा उलटा करून थोपटला. फूल निघेना. आपटला. निघेना. काडीने उचकटलं, तेव्हा फूल निघालं, पण पाकळ्या आतच राहिल्या! हातात आला नुसता चुरा.

"अय्या, तुटलं?" परी म्हणाली. "माझी फुलं तर आपोआप उमलतात."

"मेण उमलतं का, परीताई?" रखू वैतागून म्हणाली. साचा विरून गेला, तिने चुरा गोळा करून पुन्हा पातेल्यात टाकला. मेण वितळलं, पण वाफेबरोबर वासही भुर्रकन उडाला. रखूने नाक खुपसून पाहिलं. निम्माच उरला होता.

आता मात्र तिने नीट विचार केला. बोटं मोजत म्हणाली, "नक्षी नको. पाकळ्या नकोत. गोल हवा, गुळगुळीत हवा, आणि वडी चटकन सुटायला हवी."

टिंग! साचा आला. गोल होता, गुळगुळीत होता आणि परातीएवढा होता!

"पौर्णिमेच्या चंद्राचा आहे!" परीने टाळ्या पिटल्या. "तू लहान कुठे म्हणालीस?"

रखूने डोळे मिटले. दहापर्यंत आकडे मोजले. मग पुन्हा उलटे मोजले. बोलल्याप्रमाणे मिळालं होतं, भांडणार कशाच्या जोरावर? मेण ओतलं, तर सुंदर, पिवळाधमक, सपाट चंद्र झाला. तो पणतीवर ठेवायचा तर पणती हत्तीची हवी! पुन्हा तोडणं आलं, पुन्हा वितळवणं आलं, आणि पातेल्यातून आता बकुळीचा वास असा येत होता, जणू शेजारच्या गावात कुणी बकूळ माळली आहे.

सूर्य टेकडीपासून हातभर वर होता. इच्छा उरली होती एक. रखूने काडीने मातीत सगळं लिहून काढलं, एक शब्द सुटायला नको म्हणून. लहान. उथळ. सात खळ्यांचा. सगळ्या सारख्या. चटकन सुटणारा. दोनदा वाचलं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडे हुंदका ऐकू आला.

कुंपणाच्या आड अंबूकाकू उभ्या होत्या. पदराखाली काहीतरी जड, काळं, गोल लपवलेलं. आप्पेपात्र!

"काकू!" रखू ओरडली. "वर्ष झालं! द्या ना इकडे, आत्ताच्या आत्ता हवंय मला!"

काकू दोन पावलं मागे सरकल्या. "कशी देऊ गं? रिकामं आहे ते."

"असू दे रिकामं! मला रिकामंच हवंय!"

"असं कसं? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करतात का कधी? आणि तुझी आई अशी आजारी असताना? नाही गं बाई, मला नाही व्हायचं." काकूंनी डोळे पुसले. "मागच्या नागपंचमीपासून बघतेय. म्हटलं, मूठभर तांदूळ आले की चार आप्पे घालून नेऊन देईन. दर महिन्याला या कुंपणापर्यंत येते आणि परत जाते. घरात काही उरतच नाही. कालपासून तर..." त्या थांबल्या. मग उगीच म्हणाल्या, "कालपासून उपास आहे माझा."

रखूला असा राग आला, असा राग आला! एका आप्पेपात्रापायी वर्षभर लपाछपी? आधी सांगायला काय झालं होतं? पण मग तिने काकूंच्या खोल गेलेल्या गालांकडे पाहिलं आणि राग कुठच्या कुठे गेला. उपास कसला तो! तिने दाराआडचा तो आवाज आठवला. काकू लबाडी करत नव्हत्या, लाजत होत्या.

काकूंनी आप्पेपात्र घट्ट धरलं आणि त्या पाठमोऱ्या झाल्या.

रखूने मातीत लिहिलेल्या ओळीकडे एकदा पाहिलं. झोपडीकडे पाहिलं.

"परीताई," ती म्हणाली, "काकूंच्या हातातला साचा भरून दे. आणि पोट भरेपर्यंत तो रिकामा होऊ देऊ नकोस. काकू, तुम्ही घरी जा आणि आधी खा बरं."

"हे तुझ्यासाठी नाही हं!" परी म्हणाली.

"हो! माहीत आहे मला!" रखू खेकसली आणि पायाने मातीतली अक्षरं पुसून टाकली.

टिंग! सातही खळ्यांत टम्म फुगलेले, कडेने खरपूस, वाफाळणारे आप्पे! काकूंनी आधी आप्प्यांकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आणि घरी कुठल्या जातात! त्या गर्रकन वळल्या, कुंपण ओलांडून आल्या आणि वर्षभर खाली घातलेली मान वर करून म्हणाल्या, "रखू, हे घे गं तुमचं आप्पेपात्र. सगुणाला सांग, अंबूने भरून आणून दिलं."

मग दोघी बकुळीखाली बसून जेवल्या. एक आप्पा उचलला की खळीत दुसरा फुगायचा. काकूंनी तृप्त होऊन हात धुतले, आईसाठी चार आप्पे पानात बांधून ठेवले, तेव्हा कुठे खळ्या रिकाम्या झाल्या. सात खळ्या. लहान, उथळ, सारख्या आणि तेलाने कशा तुकतुकीत!

रखूने पातेल्यात नाक घातलं आणि तिचा चेहरा पडला. साचा आला, पण वास गेला होता.

"मग तिसरी इच्छा माग की," परी पंख साफ करत म्हणाली.

"संपली ना ती!"

"छे! दुसऱ्यासाठी मागितलेली आम्ही मोजत नाही."

"हे आधी नाही सांगायचं?" रखू आणि काकू एकदमच ओरडल्या.

"तुम्ही विचारलंच नाहीत!"

रखूने दहा आकडे मोजायला सुरुवात केली, पण सूर्याची कड टेकडीला टेकायला आली होती. झोप परीकडे नव्हती, वासही नसणार. परीकडे फक्त साचे. पण फुलं साच्यांतूनच निघतात ना! रखूने वर, सुन्या झाडाकडे पाहिलं.

"परीताई, बकुळीचे साचे आणखी एकदा भर. सगळे. आत्ता."

परी गोड हसली. "वा! आता मागता आलं तुला." तिने जुडग्यातून एक साचा काढला, इतका इवला की रखूला तो दिसलाही नाही, आणि ती झाडाभोवती गिरक्या घेऊ लागली. पानापानांत फिक्या चांदण्या फुटल्या, शंभर, हजार, लाख! त्या टपटप टपटप खाली आल्या, रखूच्या केसांत, काकूंच्या पदरात, थेट पातेल्यात. सूर्य टेकला. परीच्या पंखांतून सोनेरी, गुलाबी, मोरपंखी उजेड सांडला आणि त्या उजेडातच परी विरघळली. जाता जाता कुठल्यातरी फांदीवर आपटल्याचा आवाज मात्र आला.

रखूने मेण गाळलं आणि खळ्यांत ओतलं. गार झाल्यावर आप्पेपात्र उलटं करून एकच थाप मारली. टप, टप, टप! सात वड्या एकदम सुटल्या, सगळ्या सारख्या, पिवळ्या, घमघमणाऱ्या. मेण संपेपर्यंत तिने तीनदा वड्या पाडल्या. दिवेलागणीला तिने आईला आप्पे भरवले, अंबूकाकूंचा निरोप सांगितला आणि पहिली वडी पणतीवरच्या वाटीत सोडली. आईने एक खोल श्वास घेतला, मग दुसरा. तिसऱ्या श्वासाला तिचे डोळे मिटले आणि रखूही तिच्या कुशीत शिरून झोपली.

सकाळी उन्हं पार उंबऱ्यात आली होती.

"रखू!"

छपरावरच्या चिमण्या फडफडून उडाल्या. आई उठली होती. उभी राहिली होती! एका हातात आप्पेपात्र, दुसरा हात कमरेवर, आणि गालांवर चक्क लाली.

"कार्टे, आप्पेपात्रात मेण ओतलंस? माझ्या आप्पेपात्रात? आता जन्मभर माझ्या आप्प्यांना बकुळीचा वास येणार! आणि हे पाय बघ, चिखलाने भरलेत नुसते! अंबूकडून भरलेलं भांडं आलं, तिला काही दिलंस की रिकाम्या हाती पाठवलंस? आणि हसतेस काय अशी?"

रखू हसत होती आणि रडतही होती. तिने आईच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

"आई," ती म्हणाली, "आणखी रागव ना."