काजळीचा वेल

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. तुमच्या आजोबांनी ती त्यांच्या आजोबांकडून ऐकली असेल, पण त्यांनाही बसू द्या शेजारी.

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. घरोघरी द्राक्षांचे मांडव, आणि सगळ्या मांडवांवर एकच जात, सोनमणी. टपोरी, पिवळीधमक, साखरेसारखी गोड. तिचा रस रांजणात मुरवून आसव करायचं, हा गावाचा धंदा आणि गावाचा अभिमान. जगात दुसरं द्राक्ष असतं, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं.

त्या गावात आसव करण्यात एका सासूबाईंचा हात कुणी धरत नसे. त्यांच्या घरी नवी सून आली. येताना तिने आपल्या गावच्या काजळी द्राक्षाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि गोठ्यामागे लावली. आईबाप नसलेल्या त्या पोरीला माहेर म्हणून तेवढंच होतं.

यथावकाश वेलाला घड लागले. मिऱ्यांहून जरा मोठे, काळेकुट्ट मणी, जाड साल आणि आत नुसत्या बिया. सासूबाईंनी एक तोंडात टाकला आणि त्यांचं तोंड आवळा चावल्यासारखं झालं.

"अगं बाई, हे द्राक्ष आहे की करवंदाची सावत्र बहीण?"

"सासूबाई, काजळी खायची नसते, मुरवायची असते," सून म्हणाली. "एक रांजण द्या. थंडी सरेपर्यंत कळ काढा."

"काढते. पण गावाला नाही आवडलं, तर तो वेल मी माझ्या हाताने कापणार!"

आणि हे त्यांनी पाणवठ्यावरही सांगितलं, म्हणजे गावभर झालं.

पण सासूबाईंना कळ कुठली निघायला! मुरायला लागतंय न लागतंय तोच त्यांनी झाकण उचललं. घोट कडू, तुरट, जिभेला ओरबाडणारा. त्यांना बरंच वाटलं. एक खोड सापडली, आणखी सापडतील, म्हणून त्या पुन्हा गेल्या. तर या खेपेला पिकल्या जांभळांचा वास! "रांजणच आधी जांभळांचा असेल," त्या पुटपुटल्या. पुढच्या खेपेला मिरीचा झणका, आणि त्यामागून भिजल्या मातीचा गारवा. सोनमणी पहिल्या घोटातच सगळं सांगून मोकळी व्हायची. ही मात्र एकेक गोष्ट राखून ठेवत होती. शेवटी एकदा त्या नुसती खात्री करायला म्हणून गेल्या, आणि वाटी रिकामी झाल्यावरच उठल्या.

थंडी सरली. गंमत बघायला सारं गाव गोठ्यामागे जमलं. म्हाताऱ्या पाटलांनी पहिला घोट घेतला आणि नाक मुरडलं.

"कडू आहे हो! हाणा कोयता."

सुनेचे डोळे भरून आले.

"बोलले ते करणार," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कोयता उचलला आणि वेलाच्या काड्या सपासप छाटल्या. सुनेने पदर तोंडाला लावला. पण खोडापाशी येताच कोयता थांबला. काड्यांची मोळी काखेत मारून सासूबाई जमलेल्या गावाकडे वळल्या.

"झाला कापून! आता घरटी एकेक काडी न्या आणि लावा आपापल्या मांडवाला. आणि पाटील, वाटी खाली ठेवू नका. पहिल्या घोटात नुसता रामराम होतो, ओळख दुसऱ्यापासून होते."

पाटलांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. "अहो, ही तर मागाहून बोलते!" ते म्हणाले, आणि त्यांनी वाटी काही परत दिली नाही.

"रडतेस काय वेडे," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "छाटल्याशिवाय वेल कधी फुटतो का? चल, दुसरा रांजण धुऊन ठेव."

पुढे त्या गावातल्या साऱ्याच सुना माहेरच्या काड्या आणू लागल्या. कुणाची पांढुरकी, कुणाची तांबूस, कुणाची धुरकट. आणि सासवा त्यांना जवळ बसवून विचारू लागल्या, "तुझी कशी गं मुरते?"

तात्पर्य काय, द्राक्ष नवं असो की माणूस, मुरायला वेळ दिल्याशिवाय त्याची चव सांगू नये.