सुईमहालाचा चुना

“चुना कच्चा आहे म्हणून मी घसा फोडून सांगत होते. कोणी खरं मानलं का माझं, महाराज?”

महाराज मठाच्या ओट्यावर बसले होते. डोळे उघडे, पण दमलेले.

मीही दमले होते. दोन दिवस दगड उपसत होते.

राजेसाहेबांनी विलायतेच्या चित्रात एक महाल पाहिला. सुईसारखे मनोरे, वर निळ्या टोप्या. लेकीसाठी तसाच हवा म्हणाले. अकरा वर्षं काम चाललं. लोक त्याला सुईमहाल म्हणायचे, लांबून लांबून बघायला यायचे.

त्याचा चुना बैलाच्या घाणीवर मी दळला. भट्टीतला चुना पाण्यात विरवायचा, महिनाभर खड्ड्यात मुरू द्यायचा, मग घाणीत घालायचा. शेवटच्या मनोऱ्याचा नऊ दिवसांतच खड्ड्यातून काढायला लावला. मी जिभेला लावून बघितला. जीभ भाजली.

परवा मनोरा ढासळला. दोन माणसं गेली. माझा नवरा नागोजी गवंडी, त्याला कोठडीत घातलं. राजेसाहेबांनी मठात कागद पाठवला… दोषी कोण ते महाराजांनी लिहून द्यावं, आम्हाला मान्य.

“नागोजीला सोडवा,” मी म्हटलं.

“तुझा नवरा म्हणून?”

“नवऱ्याचं काय घेऊन बसलात? दारू पितो, हात उचलतो. पण चुना त्याने नाही काढला.”

“मग कोणी?”

“दाजीबा कारभाऱ्याने. त्याचं नाव लिहा. मला म्हणाला, बाई, तू घाणी हाक, तोंड नको हाकू.”

“त्याला घाई कसली होती?”

“पंचमीला कळस चढवायचा होता.”

“पंचमी पुढे गेली असती.”

“कशी जाईल? मुहूर्त…”



“बोल ना.”

“तो तुम्हीच काढून दिला होता.”

महाराजांनी राजेसाहेबांचा कागद मांडीवरून खाली ठेवला.

“मी इथेही आले होते, महाराज. मुठीत चुना घेऊन. तुम्ही बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, गुरू केलास ना मला? मग विश्वास ठेव. मुहूर्त चुकायचा नाही.”

“मग?”

“ठेवला विश्वास. घाणी चालू ठेवली.”

महाराज वाकले. माझ्या पदराला चिकटलेला चुन्याचा खडा नखाने काढला, तोंडात टाकला.

डोळ्यांत पाणी आलं. थुंकले नाहीत.

मग म्हणाले, “लिहिता येतं तुला?”

“चौथीपर्यंत शिकलेय.”

“मग तूच लिही. मी सांगतो तसं.”

मी टाक उचलला. दाजीबाचा ‘दा’ काढला.

“खोड तो.”

खोडला.

“आधी मठाचं नाव घाल. मग लिही, महंत…”

माझा हात थांबला. “महाराज, तुम्हाला धरून नेतील.”

“लिही गं. विमलगीर.”