रापणीचा दोर

"पण हे सगळं चालवतो कोण, बुवा?"

विश्वंभरानं पुन्हा विचारलं. अच्युतबुवा आपले चूल फुंकत बसलेले.

शिष्य बुद्धीचा तल्लख, न्यायशास्त्र शिकून आलेला. आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. "मुंगीला वारूळ ठाऊक नसतं, तरी वारूळ उभं राहतंच ना? एवढी रचना, आणि हुकूम कुणाचाच नाही? आज सांगा, नाहीतर मी हा निघालो. गाठोडं बांधून ठेवलंय."

बुवा उठले आणि मठीतून थेट किनाऱ्यावर उतरले. तोही तणतणत मागोमाग.

खाली रापण लागली होती. समुद्रात पसरलेलं ते भलंथोरलं जाळं दोन बाजूंच्या दोरांनी अख्खा गाव किनाऱ्याला ओढत होता.

"तो बघा!" विश्वंभर ओरडला. "तो आरडाओरडा करतोय ना, तो तांडेल! तोच चालवतो!"

बुवांनी तांडेलाला खुणेनं बोलावलं. तो आला, वाळूत टेकला, विडी पेटवली.

जाळं येतच राहिलं. त्याच तालात...

विश्वंभराचा चेहरा खर्रकन उतरला.

"जा, दोर धर," बुवा म्हणाले.

धोतर खोचून पठ्ठ्या दोराला भिडला आणि असा काही हिसका दिला, की स्वतःच तोंडावर आपटला. हशा पिकला.

"जोर कसलो करतस रे?" मागं तोच दोर धरून उभी असलेली सगुणा म्हणाली. "हाताक काय लागता, ता बघ!"

त्यानं पुन्हा दोर धरला. डोळे मिटले...

आणि काय सांगावं! लाट मागं सरली, ती तळव्याला कळली. पुढची माणसं दमली, तेही कळलं. त्याचे हात आपोआप सैल पडले, तोच मागून सगुणानं ताण धरला. कुणी कुणाला अवाक्षर बोललं नव्हतं!

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो वाळू उडवत धावत सुटला.

"बुवा! सापडलं! चालवणारा कुणी नाहीच! या हातातून त्या हाताला खबर जाते, बस्स! त्या खबरेतूनच जाळं येतं, वारूळ उभं राहतं, गाव वसतं!" आनंदानं त्याला रडू फुटलं. "आता मी कुठ्ठे जात नाही, बुवा!"

बुवा त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले...

"मग दोर कशाला सोडलास?"