झिमाची करवंटी

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात आवडी नावाची सात वर्षांची मुलगी राहत होती. गावाबाहेर, रानाच्या कडेला एक वस्ती होती. तिथल्या लोकांचे पूर्वज समुद्रापलीकडून आलेले. रंग काळाभोर, केस बारीक कुरळे. ते रानातला मध काढून गावात आणून देत.

त्या वस्तीतली झिमा ही आवडीची जिवाभावाची मैत्रीण.

एकदा भर उन्हात झिमा मध घेऊन आली. तहानेनं तिचे ओठ सुकले होते. आवडीच्या आईनं तिला पेलाभर पाणी दिलं. पण झिमाची पाठ वळताच आईनं तो पेला राखेनं तीनदा घासला आणि बाहेर ओट्यावर पालथा घातला.

"आई, तिचं तोंड खराब होतं का गं?"

"नाही बाळा. ते काळे लोक. आपल्यातले नव्हेत."

"मग त्यांचा मध कसा चालतो?"

"पुरे झालं! जा, खेळ जा."

आवडीला त्या दिवशी खेळावंसंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी दोघी झऱ्यावर गेल्या. झिमानं कमरेची करवंटी सोडून पाणी भरलं.

"ही कशाला आणलीस?"

"काल घाईत विसरले, म्हणून आई रागावली. तुमच्या गावात भांडं मागायचं नसतं ना!"

"तुला माहीत होतं?"

"आम्हाला चालायला येतं ना, तेव्हाच सांगतात," झिमा सहज म्हणाली.

आवडीला रडू फुटलं. झिमानं तिचे डोळे पुसले. मग दोघी त्या एकाच करवंटीतून पाणी प्यायल्या.

घरी येऊन आवडी उंबऱ्याबाहेरच बसली. "आई, मी झिमाचं उष्टं पाणी प्यायले. आता त्या पेल्यासारखं माझंही ताट बाहेर ठेव."

आईनं ताट उचललं. बाहेर ठेवायला मात्र तिचा हात धजेना. ती लेकीशेजारी उंबऱ्याबाहेर बसली.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः वस्तीवर गेली. झिमाच्या आईला म्हणाली, "बाई, तहान लागलीय. पाणी देता?"

झिमाच्या आईनं आधी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग घागर कलती केली, आणि आवडीची आई ते पाणी प्यायली.

गावातल्या काही जणी पुढे आवडीच्या घरी येईनाशा झाल्या. पण दोघी-तिघी आपल्या लेकींना घेऊन वस्तीवर जाऊ लागल्या, आणि पोरींची खेळात गट्टी जमली.

तात्पर्य : माणसाला दूर सारणं लेकरं मोठ्यांना पाहूनच शिकतात, म्हणून मोठ्यांनी आधी स्वतःला सुधारावं.