पोस्टरवरची तीट

केतकीला चार दिवस एकाच काळजीने झोप नव्हती: बालवाडीत कोणीही खडू हिसकावला, तरी तिची सई ब्रसुद्धा काढत नाही. आईवरच गेली असणार, दुसरं काय!

कला महाविद्यालयाच्या जाहिरात विभागात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सईला घेऊन ती गेली आणि दारातच थबकली. विद्यार्थीदशेत तिनं रंगवलेलं बाळतेलाचं पोस्टर भिंतीवर, आणि खाली नाव वर्गमित्र पराग बेंद्रेचं! म्हणजे इतकी वर्षं टाळ्या याला? पराग आता बड्या जाहिरात कंपनीचा प्रमुख. सईच्या हातातला खडू न विचारता घेऊन तो जमलेल्या विद्यार्थ्यांना पोस्टर समजावू लागला, "बाळाच्या गालावरची ही तीट बघा. मोजूनमापून दिलेला ठिपका! आठवडा लागला मला."

"पराग, हे पोस्टर माझं आहे." केतकी पुढे झाली.

"पुरावा दाखव की, बाई!" तो हसला.

"तो ठिपका मोजलेला नाही, सांडलेला आहे. माझ्या ब्रशातून शाईचे तीन थेंब पडले. एकाची मी तीट केली. उरलेले दोन डाव्या कडेला, माउंटखाली झाकले. उचलून बघा."

विभागप्रमुख बाईंनी काळ्या कागदाची चौकट उचलली. दोन थेंब!

"अगं, इतक्या वर्षांनी कुठं लक्षात राहतं..." पराग पुटपुटला.

"चूक माझीच," केतकी कडाडली. "तिटेनं दृष्ट टळते, चोर टळत नाही!"

सगळे हसले. सईनं मात्र हात पुढे केला, "काका, माझा खडू द्या."