मांत्रिकाचे चिंचोके

फार फार वर्षांपूर्वी, राजांकडे रिकामा वेळ भरपूर असे आणि त्याचा जाब त्यांना कुणी विचारत नसे, तेव्हाची ही गोष्ट.

एका राजाच्या पदरी एक म्हातारा पटकार होता. सोंगांचा खेळ रचणं हे त्याचं काम. गालिच्यावर तो डोंगर, रानं, नद्या रंगवलेला मोठा पट पसरी. खेळणारे भोवती बसून एकेक सोंग घेत. प्रधान लाकूडतोड्या होई, सेनापती शिकारी, राजपुरोहित नावाडी. वाटेत काय संकट आलं ते पटकार सांगे आणि ज्यानं त्यानं आपल्या सोंगाला शोभेल अशा रीतीनं त्यातून सुटायचं.

राजा दर वेळी मांत्रिक होई. त्याच्या मंत्राला काहीही करता येई. राक्षस गुहेबाहेर येऊन आपलं नाव सांगायच्या आत त्याची राख झालेली असे.

एके दिवशी राजानं जांभई दिली. म्हणून सगळ्या दरबारानं दिली.

"पटकार, खेळ फारच सोपा झालाय," राजा म्हणाला. "आठ दिवसांत सुधार. नाहीतर हा पट मुदपाकखान्यात जळणाला जाईल."

पटामागे तीस वर्षांची मेहनत होती. पटकार विचार करत बसला. दोष कुठे आहे ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं. तो राजाला सांगायचा कसा, यात उरलेले सात दिवस गेले.

आठव्या संध्याकाळी त्यानं प्रत्येकापुढे दहा चिंचोके ठेवले.

"हा तुमचा जीव. मंत्र जिवावर चालतो. दिवा लावायला एक चिंचोका, नदीवरून उडायला सहा, राक्षस जाळायला नऊ. गेलेला चिंचोका परत येत नाही. दहाही गेले की सोंग मेलं, आणि त्यानं गालिच्यावरून उठायचं."

राजा खुलला. तो आता विचार करू लागला. एकदा तर जेवणाची आठवणही त्याला दुसऱ्यांनी करून द्यावी लागली. पण तिसऱ्या दिवशी राक्षस समोर उभा राहिला तेव्हा राजापाशी चारच चिंचोके होते.

"मला या नियमातून सूट दे," राजा म्हणाला.

"महाराजांना कसले आलेत नियम?" प्रधान म्हणाला. "काय रे पटकार, म्हातारपणी चळलास का?"

पटकारानं पटाकडे पाहिलं. त्याला चूल दिसली. "महाराज, किंमत सोडता येत नाही," तो चाचरत म्हणाला. "फार तर ती दुसऱ्या कुणी भरावी."

"मग आम्ही कशाला आहोत!" म्हणत प्रधानानं स्वतःचे नऊ चिंचोके पुढे सरकवले.

राक्षस जळाला. राजाला चटक लागली. त्यानं भर दुपारी दिवा लावला, आणि प्रधानाचा लाकूडतोड्या मेला. "धन्य झालो," म्हणून प्रधान जेवायला गेला. समोर धड पायवाट असताना राजा ओढ्यांवरून उडू लागला. त्यात शिकारी मेला, मग नावाडीही मेला. जो तो नमस्कार करून घरी गेला.

शेवटी मोठी नदी आली. पलीकडच्या काठावर विजयाचं निशाण होतं. होडी बांधलेली होती, पण ती चालवायला नावाडी उरला नव्हता.

"मी उडतो," राजा म्हणाला.

"सहा लागतील, महाराज. आपल्यापाशी चार आहेत."

"उरलेले दोन..." राजानं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. गालिचा रिकामा होता. "तू दे."

"माझं सोंग नाही, महाराज. मी फक्त वाट सांगतो."

"मग सांग वाट!"

"वाट नाही."

पटकारानं हात जोडले आणि पट जळणाला न्यायला कुणी येतंय का म्हणून दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही. राजानं नदीकाठी बसून आपले चार चिंचोके पुन्हा पुन्हा मोजले.

"सगळ्यांना उद्या सकाळी बोलाव," अखेर तो म्हणाला. "आणि ती सूट खोडून टाक."

दुसऱ्या दिवशी राजानं नावाड्याचं सोंग मागून घेतलं. मांत्रिक व्हायला प्रधान मोठ्या उत्साहानं सरसावला. मात्र कोणताही मंत्र म्हणण्याआधी त्यानं दर वेळी स्वतःचे चिंचोके दोनदा मोजले. खेळ महिनाभर रंगला. पट चुलीत गेला नाही.

तात्पर्य : आपल्या सामर्थ्याची किंमत जो दुसऱ्यांना भरायला लावतो, तो शेवटी एकटा पडतो आणि ते सामर्थ्यही त्याच्या कामी येत नाही.